कृत्तिकेचा संशय

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ' नाटकाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. त्यातील पदांनी मराठी नाट्यसंगीताला जे वैभव दिले त्याची चर्चा एका बाजूने झाली, आणि परकी कथानकाला देवलांनी जे अस्सल मराठी रूप दिले त्याचे कौतुक दुसऱ्या बाजूने झाले. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये नाटकाचे खरे मूळ, म्हणजे फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा भांडखोर संसार, काहीसे उपेक्षित राहिले. हे जोडपे हशा पिकविण्यासाठी आहे, गैरसमज झाला म्हणून ते भांडते, गैरसमज फिटला म्हणून भांडण थांबते आणि पडदा पडताना दोघेही आरंभी होती त्याच ठिकाणी येऊन उभी राहतात, असे मानण्याचा प्रघात आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. नाटकाच्या ओघात या विवाहात एक बदल घडतो, आणि तो नवऱ्याच्या संशयामुळे घडत नसून बायकोच्या संशयामुळे घडतो, असे संहितेच्या बारकाईने केलेल्या वाचनावरून दिसते.

कथानकाचा इतिहास सर्वपरिचित आहे, तरी एका तपशिलासाठी त्याची उजळणी करणे इष्ट होईल. मोलियरचे 'स्गानारेल' हे प्रहसन १६६० सालचे. त्यावरून आर्थर मर्फी याने 'ऑल इन द राँग' ही सुखात्मिका रचली आणि ती १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवर आली. मर्फीच्या नाटकावरून देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले, आणि त्यालाच पुढे पदांची जोड देऊन 'संगीत संशयकल्लोळ' सिद्ध केले. ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. देवलांचे निधनही त्याच वर्षीचे. हा प्रवास सांगताना तिन्ही नाटकांतील पत्नीच्या नावाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मोलियरच्या पात्रयादीत तिला नावच नाही. ती केवळ 'स्गानारेलची बायको' आहे. मर्फीने तिला 'लेडी रेस्टलेस' म्हटले, परंतु ते नवऱ्याचे आडनाव झाले. सर जॉन रेस्टलेस अस्वस्थ, म्हणून तीही अस्वस्थ. मराठीत आल्यावर या स्त्रीला प्रथमच स्वतःचे नाव मिळाले: कृत्तिका.

पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देण्याची देवलांची कल्पना गमतीची म्हणून सोडून दिली जाते. ती तितकी साधी नाही. फाल्गुन हा वर्षाचा अखेरचा महिना; प्रौढ, उतरणीला लागलेल्या नवऱ्याला तो शोभतो. रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र आणि अश्विनी हे पहिले, म्हणजे चक्रात दोन्ही शेजारी. त्यामुळे अश्विनशेट आणि रेवती यांची जोडी आकाशातच जुळलेली आहे. कृत्तिका मात्र कार्तिक महिन्याचे नक्षत्र, आणि कार्तिक येतो तो आश्विनाला लागून. पंचांगापुरते बोलावयाचे तर फाल्गुनरावाने अश्विनशेटाचा संशय घेणे अगदीच निराधार नव्हते! हा मेळ देवलांनी हेतुपूर्वक साधला की तो आपोआप जमून आला, याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. सामाजिक उतरंड मात्र नावांच्या घडणीतच मुरलेली आहे. मालकाच्या नावात तत्सम 'फाल्गुन' आणि त्यापुढे 'राव'. नोकराच्या नावात 'भाद्रपदा'चा घासून गुळगुळीत झालेला 'भादवा', आणि त्याला 'या' हा सलगीचा, किंचित हेटाळणीचा प्रत्यय जोडून झालेला भादव्या. अशा या नावांच्या व्यवस्थेत नवऱ्याच्या नावाशी कसलेही नाते न सांगणारे एक स्वतंत्र नक्षत्र पत्नीच्या वाट्याला यावे, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

शीर्षकातील बदलाचाही याच दृष्टीने विचार करावा लागतो. १८९३ च्या शीर्षकात एक पुरुष आणि एक वस्तू आहे, फाल्गुनराव आणि तसबीर. 'घोटाळा' हा शब्दही वस्तूच्या अदलाबदलीचा, हिशेबात होतो तशा चुकीचा. हिशेब जुळला की घोटाळा संपतो. पुढील शीर्षकातून पुरुषही गेला आणि वस्तूही गेली. उरला तो संशय, आणि 'कल्लोळ' म्हणजे लाट. लाटेला मालक नसतो. पहिले शीर्षक नवऱ्याच्या नाटकाचे आहे, दुसरे दांपत्याच्या.

आता प्रसंगाकडे वळू. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. रेवतीजवळची अश्विनशेटाची तसबीर या गडबडीत खाली पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तसबीर न्याहाळीत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. या एका प्रसंगावर पुढचे सगळे नाटक उभे आहे. त्यातील विशेष हा की येथे कोणीही खोटे बोललेले नाही. कृत्तिकेने पाहिले ते खरे आहे. तिच्या नवऱ्याच्या हातांत खरोखरच एक परकी तरुणी होती. फाल्गुनरावाने पाहिले तेही खरे आहे. त्याच्या बायकोच्या हातात खरोखरच एका परपुरुषाची तसबीर होती.

येथे देवलांच्याच दुसऱ्या एका नाटकाची आठवण अपरिहार्य ठरते. 'फाल्गुनरावा'च्या अगोदर तीन वर्षे, १८९० साली, त्यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंजारराव' हे रूपांतर केले होते. संशयी नवरा हा विषय एकाच लेखणीतून इतक्या अल्प अंतराने एकदा शोकात्म आणि एकदा सुखात्म रूपात उतरावा, हा योग मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला तुलनेचे आयते साहित्य पुरवितो. एका नाटकात रुमाल, दुसऱ्यात तसबीर. परंतु मोठा फरक वस्तूत नाही. 'झुंजारराव'मध्ये जाधवराव आहे, म्हणजे संशय पेरणारा माणूस आहे. 'संशयकल्लोळा'त असा कोणीही नाही. हा फरक सर्वांच्या ध्यानात येतो. त्याहून महत्त्वाचा दुसरा फरक फारसा सांगितला जात नाही. कमळजा आपल्या नवऱ्याचा संशय घेत नाही. तिची निष्ठा निखळ आहे, आणि त्या निखळपणामुळेच ती निःशस्त्र आहे. ऑथेल्लो रुमाल मागतो, पत्नीला वाटेल ते बोलतो. परंतु रुमाल आपण कोणाच्या हातात पाहिला हे तो तिला सांगतो ते निवाडा झाल्यावर, शिक्षेच्या वेळी. आरोप कळण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

कृत्तिकेचे तसे नाही. नवऱ्याने तोंड उघडावे तो तिचा प्रत्यारोप तयार असतो. फाल्गुनराव फिर्यादी म्हणून उभा राहतो आणि पाहता पाहता आरोपी होतो. पुन्हा फिर्यादी होऊ पाहतो आणि पुन्हा आरोपी होतो. या पालटापालटीत प्रेक्षक हसतो हे खरे, परंतु तीमुळे एक फार महत्त्वाची गोष्ट साधली जाते: संशय बोलला जातो. जो संशय मनात कुजला असता तो भांडणाच्या रूपाने बाहेर येतो, आणि भांडण चालू असेपर्यंत निकाल लागत नाही. कृत्तिकेचा संशय हेच तिचे संरक्षण आहे. कमळजेच्या अंगी कृत्तिकेचा थोडा कजागपणा असता तर 'झुंजारराव'चा शेवट कदाचित निराळा झाला असता. असे जर-तर टीकेत फार दूर नेऊ नयेत हे मान्य. पण एकाच नाटककाराच्या दोन स्त्रिया शेजारी उभ्या केल्या की हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दोघांचा संशय एकाच तोलाचा आहे काय, हा यापुढचा प्रश्न. मर्फीच्या नाटकात तो बहुतांशी तसा आहे. सर जॉनला बायकोच्या व्यभिचाराची भीती आणि लेडी रेस्टलेसला नवऱ्याच्या व्यभिचाराची. दुसरा विवाह दोघांनाही शक्य नाही. देवलांनी कथानक मराठीत आणताना नायिकेत जो बदल केला त्यामुळे हा तोल मुळातूनच बदलला. मर्फीची बेलिंडा कुलीन घरातील मुलगी आहे. रेवती नायकिणीच्या घरातली, आणि तिला कुलवधू व्हावयाचे आहे. या बदलाची चर्चा अश्विनशेट-रेवतीच्या प्रणयाच्या संदर्भात पुष्कळ झाली. गणिकेच्या निष्ठेविषयी प्रियकराच्या मनात चटकन शंका यावी, याला त्यामुळे सामाजिक आधार मिळाला. परंतु याच बदलाचा कृत्तिकेवर काय परिणाम होतो हे कोणी पाहिले नाही. नवऱ्याच्या बाहूंत तिने जी स्त्री पाहिली ती विवाहाची आकांक्षा धरणारी गणिका आहे. आणि ज्या काळात हे नाटक लिहिले गेले त्या काळात हिंदू पुरुषाला एक पत्नी असताना दुसरी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. देवलांनीच मराठीत आणलेल्या 'मृच्छकटिका'चा शेवट आठवावा. शूद्रकाच्या मूळ नाटकात गणिका वसंतसेना अखेरीस चारुदत्ताची वधू ठरते आणि त्याची पत्नी धूता तिला बहीण म्हणून जवळ घेते. रसिकांनी ज्या शेवटाला टाळ्या दिल्या, तो कृत्तिकेसारख्या स्त्रीला कसा दिसत असेल याची कल्पना करता येते.

म्हणून फाल्गुनरावाचा संशय आणि कृत्तिकेचा संशय हे एका मापाने मोजता येत नाहीत. त्याच्या संशयात अब्रूचा प्रश्न आहे. तिच्या संशयात अब्रूबरोबर घरातील जागेचा, अन्नवस्त्राचा, उद्याच्या दिवसाचा प्रश्न आहे. तो चुकला तर त्याची फजिती होईल. तिचा संशय बरोबर निघाला तर तिला सवत येईल.

हे नाटक पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांतून बाहेर काढून आडगावच्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ मागे पडले की वऱ्हाडात शिरताना लागणारे पहिले मोठे गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर. नळगंगेच्या काठचे हे गाव कापसाच्या व्यापारावर वाढले. फिरत्या नाटक मंडळ्यांचा संसार रेल्वेवर चाले. पडदे, पेट्या आणि माणसे वाघिणींतून आणि डब्यांतून गावोगाव जात, आणि रुळांच्या कडेच्या अशा व्यापारी गावांना नाटकाचे वारे लागले ते याच वाटेने. 'शेट' हा शब्द अशा गावच्या प्रेक्षकाला कोशात पाहावा लागत नाही. अडत्याच्या पेढीवर तो दिवसातून शंभरदा कानी पडतो, आणि एखाद्या 'रावा'ला एखाद्या तरुण 'शेटा'विषयी काय वाटत असेल हेही त्याला सांगावे लागत नाही. रस्त्यावर उघडणाऱ्या खिडकीचे महत्त्वही मोठ्या शहरापेक्षा तालुक्याच्या गावी अधिक.

परंतु मलकापूरचे नाव येथे घेण्याचे खरे कारण कायद्याचे आहे. मुंबई प्रांताने १९४६ साली कायदा करून हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. मलकापूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. मुंबईच्या विधिमंडळाचा कायदा भुसावळपर्यंत होता, मलकापुरात नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सर्वत्र लागू झाला तेव्हाच हा भेद मिटला, आणि त्यानंतरच्या वर्षी वऱ्हाड मुंबई राज्यात आले. म्हणजे मधली आठ-नऊ वर्षे अशी गेली की एकच संहिता, एकच प्रवेश, आणि भुसावळच्या प्रेक्षकांतील पत्नीला कृत्तिकेची भीती कायद्याने निरर्थक झालेली, तर काही तासांच्याही नव्हे, एका टप्प्याच्या अंतरावरील मलकापूरच्या पत्नीला ती अक्षरशः खरी. विनोदी नाटकातील एखादे भय हास्यास्पद आहे की रास्त, हे संहिता एकटी ठरवीत नाही. प्रेक्षागृहाबाहेरचा कायदाही ते ठरवितो.

मलकापूरच्या भाषेकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. ही बोली वऱ्हाडी, आणि खानदेशच्या सरहद्दीवरची. प्रमाण मराठीत 'मी पाहिले' आणि 'मला दिसले' अशा दोन रचना आहेत. पहिलीत पाहणारा कर्ता आहे. पाहण्याची क्रिया आणि तिची जबाबदारी त्याची. दुसरीत तो केवळ अनुभव घेणारा आहे. वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे येते, आणि तिचा अर्थ लावण्याचे काम अद्याप शिल्लक असते. प्रमाण भाषेत 'मी' हे रूप 'मी आलो' येथेही तेच आणि 'मी पाहिले' येथेही तेच असल्यामुळे हा भेद कानाला तितकासा जाणवत नाही. वऱ्हाडी बोलणारा मात्र 'म्या पाह्यलं' आणि 'मले दिसलं' असे म्हणतो. कर्त्याचे जुने तृतीयान्त 'म्या' येथे टिकून आहे, त्यामुळे साक्षीदार आणि अनुभविता यांत सर्वनामानेच भेद होतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या सगळ्या भांडणाचे व्याकरण या दोन रचनांत सामावते. दोघांनाही काहीतरी दिसलेले आहे. दोघेही शपथेवर सांगतात ते मात्र पाहिल्याचे. जे दिसले त्यात जे कल्पिले ते मिसळून दोहोंचा मिळून एक पुरावा उभा केला जातो, आणि पुरावा म्हणून तो इतका भक्कम वाटतो की दुसऱ्याच्या डोळ्यांना काय दिसले हे विचारण्याची गरज उरत नाही.

नाटक पुढे सरकते तसा या जोडप्याच्या वागण्यात जो फरक पडतो तो असा. आरंभी संशय घेण्याचा हक्क जणू नवऱ्याचा आहे. वय त्याच्या बाजूला, घर त्याचे, नोकर त्याचे. पत्नीवर नजर ठेवणे हा त्याला कारभाराचाच भाग वाटतो. संबोधनाची रूढीही त्याच्या बाजूला आहे. त्या काळच्या घरात नवऱ्याने बायकोला 'तू' म्हणावे आणि बायकोने नवऱ्याचे नावही न घेता त्याला बहुवचनाने संबोधावे, ही रीत भांडणातही सुटत नसे. परंतु आदरार्थी बहुवचनातून दिलेला टोमणा एकवचनातील शिवीपेक्षा अधिक लागतो, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कृत्तिका या हत्याराचा उपयोग जाणते. तसबिरीच्या प्रसंगानंतर दोघांची शस्त्रे सारखी होतात. मग दोघेही एकच गोष्ट करतात: नोकरमाणसांना विचारतात, पाळत ठेवतात, पुराव्याच्या मागे धावतात. उत्तरार्धात तर पत्नीचा शोध घराच्या उंबरठ्याबाहेर जातो. प्रतिष्ठित घरातील स्त्री आपल्या संसाराची चौकशी करण्यासाठी स्वतः बाहेर पडते, ही १८९३ सालच्या रंगभूमीवर हसण्यावारी नेलेली पण लहान नसलेली घटना आहे. अनुरूपतेच्या दृष्टीने पाहिले तर या मधल्या अंकांतच फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांना सर्वांत अधिक शोभतात. समान संशय ही या विवाहातील पहिली समानता म्हणावी लागेल.

वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या 'त्राटिके'शी येथे तुलना करता येईल. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे हे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीने गाजविले. तेथेही भांडखोर जोडपे आहे, आणि तेथेही शेवटी विवाह पालटलेला दिसतो. परंतु पालटते ती एकटी त्राटिका. प्रतापराव जसा आला तसाच राहतो. भांडण संपते ते एका पक्षाने शस्त्र खाली ठेवल्यामुळे. 'संशयकल्लोळा'त कोणी कोणाला वठणीवर आणीत नाही. दोघेही सारखीच चुकतात, आणि ज्या चुकीत दोघांचा समान वाटा आहे तिची क्षमा कोणी कोणाला करावयाची, हा प्रश्नच उरत नाही. देवलांची ही बाजू केळकरांपेक्षा निःसंशय सरस आहे.

उणीव आहे ती शेवटात. घोटाळ्याचा उलगडा होतो तो फाल्गुनराव आणि कृत्तिका यांनी एकमेकांना सरळ प्रश्न विचारल्यामुळे नव्हे, तर सर्व संबंधित माणसे एकत्र येऊन दुवे जुळल्यामुळे. प्रहसनाच्या रचनेला हे सोयीचे असते, मोलियरपासून ती सोय चालत आलेली आहे. तथापि ज्या जोडप्याला देवलांनी चार अंक बोलते ठेवले त्याला अखेरीस त्यांनी घाईने गप्प केले, हे नाकारता येत नाही. १९१६ च्या संगीत रूपात ही घाई अधिक जाणवते. गाजलेली पदे प्रामुख्याने अश्विनशेट आणि रेवती यांच्या वाट्याची. बालगंधर्वांची रेवती एकीकडे आणि या जोडप्याचे गद्य दुसरीकडे, अशा स्थितीत प्रेक्षकाचे कान कोणीकडे वळले असतील हे उघड आहे. गणपतराव बोडस यांच्यासारख्या गद्याच्या जाणत्या नटाने फाल्गुनराव उभा केला म्हणून तो पल्ला राखला गेला. पुढच्या काळात शरद तळवलकर यांनी, आणि अगदी अलीकडे प्रशांत दामले यांनी ही भूमिका करून तिचा गद्य ठसका जिवंत ठेवला. कृत्तिकेच्या भूमिकेची मात्र अशी परंपरा सहज सांगता येत नाही, आणि याचा दोष नटींकडे नसून नाटक पाहण्याच्या आपल्या सवयीकडे जातो. फाल्गुनरावाच्या विनोदाला टेकू देणारे पात्र म्हणून ती पाहिली गेली, तिच्या भयाचा विचार झाला नाही. जी कृत्तिका केवळ कजाग म्हणून रंगविली जाते तिच्यासमोर फाल्गुनरावही हळूहळू केवळ विदूषक होतो. सवतीचे भय खरे धरून ही भूमिका केली तर त्याच वाक्यांतून हशाही अधिक मोठा येईल, कारण हसणाऱ्याला कशावर हसत आहोत हे कळेल.

देवलांनी १८९९ साली 'शारदा' लिहिले. तेथे म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी विवाह करू पाहतो आणि नाटककार त्याला क्षमा करीत नाही. प्रौढ फाल्गुनराव आणि त्याची तरुण पत्नी यांच्याविषयी सहा वर्षे अगोदर तोच नाटककार इतका उदार का होता, असा प्रश्न विचारता येईल. एक उत्तर असे संभवते की शारदेजवळ विवाहापूर्वी तक्रारीशिवाय काहीच नव्हते, आणि कृत्तिकेजवळ निदान भांडण होते.

शेवटच्या प्रवेशात सगळा हिशेब जुळल्यावरही दोन गोष्टी शिल्लक राहतात आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. रेवतीला सावरताना फाल्गुनरावाच्या मनात केवळ भूतदया होती काय, हे त्याला कोणी विचारलेले नाही. आणि ती तसबीर देखणी होती. कृत्तिकेने ती हातात धरून चांगली निरखून पाहिली होती. ती तिला नुसती दिसलेली नव्हती.